नानींचे गाव सव्वीस टक्क्यांवर

दापोलीहून समुद्राकडे निघालेला कोणताही रस्ता शेवटी उतरतोच. हर्णै घ्या, मुरूड-कर्दे घ्या, लाडघर-बुरोंडी घ्या, नाहीतर थेट दाभोळ घ्या. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ८०० फूट उंचीवर वसलेले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथे लष्करी छावणी केली, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘कॅम्प दापोली’ हेच नाव आहे. आमचा सगळा संसार इथलाच, पण या उंचीचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. एसटीत खिडकीशी बसणाऱ्याला चढ कळतो तो ड्रायव्हरने गिअर बदलला की. पंपवालाही चढाचे वेगळे आणि उताराचे वेगळे पैसे लावत नाही. दोन वर्षांपूर्वी घरात विजेवर चालणारी स्कूटर आली आणि आमचा हिशेब सुरू झाला.

दापोली ते दाभोळ अंतर सुमारे २८ किलोमीटर. आमच्या स्कूटरच्या भाषेत बोलायचे तर जाताना २६ टक्के आणि येताना ३५ टक्के. रस्ता तोच, बसणारी माणसे तीच, फक्त तोंड फिरवले की नऊ टक्के जास्त. सुरुवातीला वाटले गाडीत काही बिघाड आहे. मग एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. स्कूटर, आम्ही दोघे आणि पिशव्या मिळून अडीचशे किलो वजन. ते २४० मीटर वर चढवायचे, तर वाया जाणारी शक्ती धरून साधारण २०० वॉट-तास वीज लागते. आमची बॅटरी ३००० वॉट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत तीन युनिटांची. निव्वळ उंचीचे सहा-सात टक्के झाले. उरलेला फरक म्हणजे जाताना उतारावर जी वीज वाचते ती. गाडीत काही बिघाड नव्हता, दापोलीच उंचावर होती.

आमची थोडी ओळख करून द्यायला हवी. आमच्यापैकी एकाने बावीस वर्षे कुवेतमधल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पाइप जोडण्यात काढली. दुसरीने तीच बावीस वर्षे दापोलीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकवले, दोन मुले वाढवली, सासू-सासऱ्यांचे दुखणे-खुपणे काढले. कोकणातल्या मुसलमान वाचकांना यात नवल वाटणार नाही. आमच्या मोहल्ल्यात दर दुसऱ्या घराची हीच कथा आहे. त्यामुळे स्कूटर दारात उभी राहिली तेव्हा मशिदीसमोरच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न अपेक्षितच होता: “काय भाई, जन्मभर तेलाचा पगार खाल्लात आणि आता बिनतेलाची गाडी?” त्यावर आमचे ठरलेले उत्तर, की तेल काय भावाने निघते ते बघून आलो म्हणूनच.

खरे कारण दाभोळला राहते. आमच्यापैकी एकीची आई, मुलांची नानी, म्हणून आता सगळ्या आळीची नानी. वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचा आजार पंचवीस वर्षांचा, रोज इन्सुलिन. मोठे मामू मुंब्र्याला, धाकटे दोहाला. दोघांनीही बोलावून पाहिले. नानी मुंब्र्याला एकदा आठ दिवस राहिल्या आणि नवव्या दिवशी सकाळी बॅग भरून दाराशी बसल्या. म्हणाल्या, तिथे झोप येत नाही, खाडीचा आवाज नाही. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. दापोलीला आमच्याकडे येतात त्या ईदला, तीन दिवस, चौथ्या दिवशी परत.

शाळा सुटते पाच वाजता. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचे कधी जुळले नाही. वडापने जावे तर गाडी भरेपर्यंत थांबायचे. संध्याकाळी जाऊन सकाळी परत येणे म्हणजे दोन्ही टोकांना धावपळ. म्हणून वर्षानुवर्षे आम्ही रविवारीच दाभोळला जात होतो. एखादा रविवार लग्नात गेला, एखादा पावसात गेला, की नानींना भेटून तीन आठवडे झालेले असायचे. फोनवर त्या नेहमी ‘खैरियत’च सांगायच्या. साखर किती आहे हे त्यांच्या आवाजावरून ओळखायला आम्ही शिकलो होतो, पण आवाजावरून डोस ठरवता येत नाही.

पेट्रोलची स्कूटर का नाही, असे पुष्कळांनी विचारले. घरात पूर्वी एक होती. सासऱ्यांची, ती सकाळी तिरकी करून मग किक मारायची जातीची. चेतक या नावाचा त्या काळी काय दरारा होता! आता त्याच नावाने २०२० पासून विजेची स्कूटर येते. आम्ही कोणत्या कंपनीची घेतली ते इथे सांगत नाही. हा लेख कोणाच्या जाहिरातीसाठी नाही, आणि प्रत्येक घराचा रस्ता वेगळा. पण विजेची घेण्याचे कारण साधे होते. चालवणारी आमच्यापैकी ती आहे, ‘तो’ नाही. कुवेतहून परतलेल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, समोरून दिवा आला की रस्ता दिसत नाही. आणि तिला गाडी हवी होती ती किक, चोक, गिअर यांची कटकट नसलेली. महिन्यातून चार वेळा पंपावर रांगेत उभे राहणेही तिला नको होते.

पैशांचे म्हणाल तर व्याजाचे हप्ते नको होते. वीस बायकांची भिशी होती, महिना सहा हजारांची. आमचा नंबर अठरावा लागला. दीड वर्ष थांबलो. त्या दीड वर्षात एक फायदा झाला, ज्यांनी आधी घेतल्या त्यांच्या गाड्या दोन पावसाळे खाऊन कशा दिसतात ते बघता आले. भिशीतल्या एका आपाने तर स्वतःची गाडी आम्हाला दोन दिवस वापरायला दिली. दाभोळला जाऊन आल्यावर टक्के किती राहतात ते आम्ही त्यांच्या गाडीवर पाहिले आणि मगच ठरवले. दुकानातल्या कागदावर सव्वाशे किलोमीटर लिहिलेले असते. ते सपाट चाचणीचे, एका माणसाचे. आमच्या रस्त्यावर दोघे बसून नव्वदच्या आसपास मिळतात. घेणाऱ्याने कागदावरच्या आकड्यातून चौथा हिस्सा आधीच वजा करून टाकावा, मग मनस्ताप होत नाही.

गाडी येण्याआधी घरात एक वेगळेच काम निघाले. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, साठ वर्षांपूर्वीचे. वायरमनने सॉकेट उघडून पाहिले तर तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. इतकी वर्षे टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळे बिनअर्थिंगचे चालले होते. स्कूटरच्या चार्जरला अर्थिंग हवेच, ते नसले तर काही चार्जर लाल दिवा लावून बसतात, आणि बसतात तेच बरे. मग परसात खड्डा खणला, पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमकुवत पडते. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा एक बादली पाणी त्या खड्ड्यात जाते. वुझूचे पाणी नळीने तिकडेच वळवले आहे. कोकणातल्या जुन्या घरांत ही गाडी घेणाऱ्यांनी शोरूमला जाण्याआधी वायरमनला बोलवावे, एवढे आम्ही आग्रहाने सांगू. एक्स्टेंशनच्या वायरवर रात्रभर चार्जिंग लावलेले दिसले की आता आमच्या पोटात गोळा येतो.

आणखी एक गोष्ट दाभोळच्या रस्त्याने शिकवली. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की मोटर उलटी वीज तयार करते, ती थोडी बॅटरीत परत जाते आणि गाडीही आपोआप आवरली जाते. ब्रेक कमी लागतो. पण बॅटरी पूर्ण शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते, आणि बऱ्याच गाड्यांत ही सोय तेवढ्यापुरती बंद पडते. दापोलीहून निघताना नेमके तेच होते. भरलेली बॅटरी आणि पुढे उतार. म्हणून दाभोळला जायचे असेल त्या दिवशी आम्ही नव्वदवर चार्जिंग काढतो. पहिल्या वळणापासून गाडी ताब्यात राहते. बॅटरीच्या आयुष्यालाही रोज काठोकाठ भरणे मानवत नाही.

गाडीला आवाज नाही हे सुख आहे, तशी अडचणही. डांबरी रस्त्यावर ठीक. पण दाभोळच्या बोळांत कोंबड्या, शेळ्या, ओट्यावरून पाय सोडून बसलेली म्हातारी माणसे, कोणालाच आपण आल्याचे कळत नाही. हॉर्न वाजवला की दचकतात. त्यावर उपाय असा निघाला की बोळात शिरताच मागे बसलेल्याने मोठ्याने सलाम करत जायचे. “अस्सलामु अलैकुम, चाची! वालेकुम सलाम, बाबा!” त्यामुळे आमची ख्याती भलतीच वाढली आहे. पूर्वी ज्या घरांशी बोलणे नव्हते त्यांच्याशीही आता बोलणे आहे.

दाभोळबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण आज एसटी स्टँड आणि जेटी बघून कोणाला पटणार नाही की हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे बडे बंदर होते. बहामनी आणि नंतर आदिलशाही काळात इथून अरबस्तानाशी आणि इराणशी व्यापार चाले, हाजींची जहाजे सुटत. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी दख्खन फिरून परत निघाला तो दाभोळहूनच. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाने हे शहर लुटून जाळले. त्यातूनही ते उठले. जेटीजवळ जी घुमटाची मशीद दिसते, जिला लोक शाही मशीद किंवा अंडा मशीद म्हणतात, ती त्यानंतर दीडशे वर्षांनी, १६५९-६० च्या सुमाराची. गॅझेटियरमध्ये तिची लोककथा नोंदवलेली आहे. विजापूरची शहजादी आयशाबीबी मक्केला जायला म्हणून मोठा लवाजमा घेऊन दाभोळपर्यंत आली, पण समुद्र सुरक्षित नव्हता, जहाज सुटेना. मग सफरीसाठी आणलेला पैसा कशात लावावा असा प्रश्न पडला, आणि मौलवींच्या सल्ल्याने ही मशीद उभी राहिली. विजापूरची धाटणी, कोकणचा दगड. नानींना ही गोष्ट गॅझेटियरशिवायच येते, आणि त्यांच्या गोष्टीत शहजादी मनाने भोळी आणि मौलवी हुशार असतात.

जेटीवर उभे राहिले की समोर धोपावे आणि अंजनवेलचा डोंगर. २००३ पासून इथे फेरीबोट चालते, माणसे आणि गाड्या एकत्र घेऊन दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. ही दहा मिनिटे आम्हाला फार आवडतात. स्कूटर स्टँडवर उभी, आपण कठड्याशी, आणि टक्का एकही खर्च होत नाही. पलीकडून गुहागर पंधराएक किलोमीटर. नानींच्या घरी जेवून, जोहरनंतर गाडी थोडी चार्जिंगला लावून, असरपर्यंत गुहागरचा किनारा पाहून परत, असा सफर आम्ही गेल्या हिवाळ्यात तीनदा केला. नानीही एकदा आल्या, पण रिक्षाने. स्कूटरवर बसायला त्यांनी साफ नकार दिला. “आवाज नाय त्या गाडीवर माझा भरवसा नाय,” म्हणाल्या.

त्याच जेटीवरून पलीकडे वीज प्रकल्प दिसतो. नाव दाभोळचे गाजले, जागा मात्र खाडीपलीकडे अंजनवेलची. एन्रॉनचा तो दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, पुढे २००५ नंतर रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने उभा राहिला. विजेच्या भावावरून महाराष्ट्रात किती रणे माजली ते आमच्या पिढीला आठवत असेल. आणि खाडीच्या पाण्याचीही एक गंमत आहे. सह्याद्रीपलीकडे कोयना धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरते, वीज करते आणि मग वाशिष्ठीत सोडले जाते. तीच वाशिष्ठी चिपळूणवरून येऊन दाभोळला समुद्राला मिळते. म्हणजे फेरीबोटीखालचे पाणी निदान काही अंशी विजेचे काम उरकून आलेले असते. आमच्यापैकी कुवेतवाल्याला हा हिशेब फार आवडतो. मात्र त्यावरून आमची गाडी कोयनेच्या पाण्यावर चालते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. आमच्या बोळात धूर नाही, पण कोणाच्या तरी गावात आहे. हे लक्षात ठेवूनच आम्ही ‘बिनधुराची गाडी’ हा शब्द वापरतो. तरीही, एवढ्याच अंतराला पेट्रोलपेक्षा शक्ती कितीतरी कमी लागते, आणि शाळेच्या फाटकाशी मुलांच्या नाकात धूर जात नाही, एवढे समाधान आम्ही मानतो.

आता मागच्या जुलैची गोष्ट. रात्री साडेदहाला नानींच्या शेजारणीचा फोन आला. नानींना घाम सुटलाय, हात थरथरताहेत, बोलणे जड झालेय. साखर उतरल्याची लक्षणे. शेजारीण शहाणी, तिने साखरेचे पाणी पाजायला घेतले होते. इन्सुलिन घेऊन नानी जेवल्याच नव्हत्या, रोजचा मासेवाला आला नाही म्हणून. बाहेर पाऊस धो धो. दापोलीत त्या वेळी गाडी मिळवायची म्हणजे दोन-चार दरवाजे ठोठवायचे. स्कूटरवर ४६ टक्के होते. शाळेतून आल्यावर वीज नव्हती, म्हणून चार्जिंग लागलेच नव्हते.

पेट्रोलची गाडी असती तर टाकी हलवून पाहिली असती आणि अंदाजाने निघालो असतो. इथे अंदाजाची गरज नव्हती. जायला २६, पावसाचे आणि रात्रीच्या दिव्याचे दोन-तीन जास्त धरा. उतरायला पुरेसे होते, परत चढायला नव्हते. पण परत यायचेच नव्हते, निदान सकाळपर्यंत. रेनकोट चढवले, ग्लुकोजची पुडी आणि साखर मोजायचे यंत्र पिशवीत घातले आणि निघालो. वळणावळणाला डोंगरातून पाणी रस्त्यावर उतरत होते. जिथे खोली कळेना तिथे थांबून, एकाने उतरून पायाने अंदाज घेऊन मग पुढे. गाडी पाण्याला टिकते असे कंपन्या सांगतात, तरी वाहत्या पाण्यात घालायची नाही हा आमचा नियम आहे, कारण वाहते पाणी गाडीसकट माणसालाही नेते. पाऊण तासाचा रस्ता सव्वा तासाने संपला. दाराशी पोहोचलो तेव्हा पडद्यावर १८ होते.

नानी उठून बसल्या होत्या. साखर ६४ वर आली होती, म्हणजे त्याआधी किती उतरली असेल ते अल्लाला ठाऊक. आम्हाला भिजलेले बघून पहिले वाक्य: “एवढ्या पावसात कशाला आलात? मी मेले नव्हते.” रात्रभर तासातासाने साखर पाहिली. वीज दाभोळला होती. ओटीवरचे सॉकेट पाच अँपिअरचे, आमच्या छोट्या चार्जरला तेवढे पुरते. पहाटे फजरच्या वेळी गाडी भरलेली होती. सकाळी डॉक्टरांना दाखवून, डोस बदलून घेऊन आमच्यापैकी एक नानींजवळ थांबला आणि दुसरी दहाला शाळेत हजर होती. त्या महिन्यात आम्ही दाभोळला अकरा वेळा गेलो. रविवार त्यात चारच.

पावसाबद्दल थोडे. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा वीज जाणे ही बातमी नसते. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल, दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस अंधार होता. तसे काही पुन्हा आले तर विजेची गाडी हे घरातले पहिले लंगडे जनावर ठरेल. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही बॅटरी साठच्या खाली जाऊ देत नाही. त्या जुलैच्या रात्री विजेनेच हात दिला नव्हता, म्हणून ४६. आणि मुलाची जुनी मोटारसायकल अजून विकलेली नाही. अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. विकावी की नाही यावर आमच्यात दोन मते आहेत, आणि लेख ‘आम्ही’ म्हणून लिहीत असल्याने ती इथे मांडत नाही.

हर्णैला आम्ही म्हावऱ्यासाठी जातो. दुपारनंतर किनाऱ्यावर लिलाव सुरू होतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूत बैलगाड्या, टोपल्या, बर्फ, ओरडा. स्कूटरच्या पायापाशी सपाट जागा असते तिथे थर्माकोलचा डबा नीट बसतो. पण खारी हवा या गाडीची वैरी. जोडांवर, स्क्रूवर, चार्जिंगच्या पिनांवर पांढरट बुरशीसारखा थर धरतो. घरी आलो की साध्या पाण्याने, बादली-फडक्याने पुसून घ्यायची. जोराच्या फवाऱ्याने धुवायची नाही, पाणी जिथे जायला नको तिथे घुसते. चार्जर तर घरातच, फळीवर, जमिनीपासून उंच. एकदा पावसाळ्यात त्यात मुंग्यांनी घर केले होते.

पंक्चरचे दुखणे वेगळे. आमच्या गाडीची मोटर मागच्या चाकातच आहे. गावातला पंक्चरवाला ते चाक खोलायला तयार होत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. टायर ट्यूबलेस असल्याने बाहेरूनच दोरा भरता येतो, ते सामान आणि छोटा पंप आम्ही डिकीत ठेवतो आणि भरायलाही शिकलो आहोत. घेणाऱ्यांनी विचारायचे पहिले दोन प्रश्न: मागचे चाक कोण खोलणार, आणि दुरुस्तीचे केंद्र आपल्यापासून किती टक्क्यांवर आहे.

खर्च थोडक्यात सांगतो. शाळा, बाजार, दाभोळ, हर्णै मिळून महिन्याला सहाशे किलोमीटर होतात. त्याला बावीस-तेवीस युनिटे लागतात. आमचे बिल पूर्वी शंभर युनिटांच्या आत असायचे, आता वर जाते, आणि शंभराच्या वरची युनिटे महाग दराने लागतात. म्हणून हिशेब स्वस्त दराने करू नये, वरच्याच दराने करावा. तसा केला तरी अडीचशे-पावणेतीनशे रुपये. पेट्रोलच्या स्कूटरला तेवढ्याच अंतरात तेरा लिटर लागले असते, म्हणजे तेराशेच्या वर. पाच-सात वर्षांनी बॅटरी थकेल, नवी घेणे मोठ्या खर्चाचे आहे, म्हणून वाचलेल्यातले पाचशे रुपये दरमहा एका वेगळ्या डब्यात पडतात. डब्यावर नातीने ‘बॅटरी’ असे लिहून शेजारी स्कूटरचे चित्र काढले आहे. चाके तीन काढली आहेत.

मोहल्ल्यातल्या चार बायका आता स्कूटर शिकताहेत. शुक्रवारी दुपारी शाळेच्या मैदानात. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, अडीचशे वॉटपर्यंतच्या छोट्या गाड्यांना परवाना आणि नोंदणी लागत नाही, म्हणून एकीने तीच घेतली. बाजारहाट, मदरशात मुलांना सोडणे याला ती उत्तम. पण ती दाभोळच्या चढावर न्यायची नाही, आणि हेल्मेट तरीही घालायचे, असे आम्ही तिला बजावले आहे. बाकीच्या तिघी परवान्याच्या तयारीत आहेत. एकीच्या नवऱ्याने दोहाहून फोन करून विचारले की पडली तर? तिने सांगितले, मैदानात आधीच दोनदा पडून झाले आहे.

नानींनी मात्र स्कूटरवर न बसण्याचा हट्ट सोडलेला नाही. गेल्या महिन्यात गेलो तर ओटीवर नवे सॉकेट दिसले, पंधरा अँपिअरचे, वर पत्र्याची छोटी पडवी, खाली परसात अर्थिंगचा खड्डा. त्यांनी परस्पर वायरमन बोलावून करून घेतले होते, धाकट्या मामूंच्या पैशांतून. आम्ही गाडी लावली, की त्या चहा ठेवतात, पुन्हा बाहेर येतात, चष्मा वर करून पडद्याकडे बघतात आणि किती झाले ते विचारतात. साठ म्हटले की म्हणतात, अजून बसा, एवढ्यात कुठे निघालात, चढ आहे पुढे.